गोवळकोंड्यात दिलेली टाळी

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात मला फसवण्यात आलं. फसवणारे माझ्या सासरचे, फसलेला मी. यात माझ्या बायकोला सासरची धरायची की माझी, ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

मी नागपूरच्या इतवारीत भांड्यांचा व्यापार करतो. दुकान बापानं दिलेलं नाही. दुसऱ्याच्या हातगाडीवर पाण्याचे पितळी गुंड लादून ओढण्यापासून सुरुवात केली आणि आज त्याच गल्लीत माझ्या नावाची पाटी आहे. भांड्यावर बोटाचं पेर वाजवलं की आवाजावरून मी सांगतो, पितळ चोख आहे की भेसळीचं. मुरादाबादचे दलाल माझ्यासमोर बसून घामाघूम झाले आहेत. अशा माणसाला त्याच्याच घरच्यांनी एका दुपारी बनवावं, आणि तेही सहलीला नेऊन, ही गोष्ट नागपूरकरांना कळली पाहिजे म्हणून लिहितो आहे.

आधी माणसं सांगतो. सासरे वारले, मुलगा नाही, तीन मुली. थोरली सुमती, ती माझी बायको. मधली नलू, ती वामनरावांना दिली. वामनराव हैदराबादेत सरकारी कचेरीत आहेत. धाकटी कुंदा, शिक्षिका होऊ घातलेली. तिची सोयरीक वर्ध्याच्या एका मास्तराशी जुळत आली होती. मुलगा पाहून झाला, मुलगी पाहून झाली. उरली होती फक्त बैठक. म्हणजे वऱ्हाडी किती यायचे, बँड कोणाचा, मानपान कोणाला किती, हे समोरासमोर बसून ठरवायचं. घरात पुरुषमाणूस नसेल तर अशा बैठकीला थोरला जावई बसतो. हा रिवाज आहे, मी काढलेला नाही.

यापूर्वी काटोलच्या सोयरिकीलाही मीच बसलो होतो. तिकडचे दीडशे वऱ्हाडी म्हणत होते, मी त्यांना ऐंशीवर आणलं. सत्तरवर येतच होते, तेवढ्यात उठून गेले. लोक म्हणतात मी सोयरीक मोडली. मी म्हणतो, दहा माणसांसाठी उठून जाणारे लोक पुढे काय टिकले असते?

नलूला दिवस गेले होते. सासूबाईंना तिला भेटायचं होतं, कुंदाला सुट्टी होती, आणि सुमतीनं लग्नापासून पाहिला तो फक्त रामटेकचा डोंगर. म्हणून आम्ही चौघं हैदराबादला निघालो. मुलं माझ्या भावाकडे ठेवली. बैठक पुढच्या महिन्यावर आली होती, पण साऱ्या वाटेत कोणी तिचा विषय काढला नाही. मी समजलो, काढायचं काय, ठरलेलंच आहे. गाडीचं काही सांगत नाही. काझीपेठला वडे घेतले, तिखट कमी होते, बस्स.

सकाळ, चारमिनार

वामनराव आम्हाला शहर दाखवायला निघाले. नलू घरी थांबली. वामनराव हा स्वभावानं अत्यंत गरीब माणूस. बसच्या कंडक्टरनं तिकीट दिलं तर ते त्याचे आभार मानतात. कंडक्टर घाबरून पुढच्या माणसाकडे जातो.

पहिल्यांदा एका इराण्याच्या हॉटेलात बसलो. पाणी यायच्या आधी टेबलावर बिस्किटांची भरलेली बशी आली. आम्ही मागितली नव्हती. अशा बशा मी ओळखतो. गुपचूप ठेवायची आणि शेवटी सगळी बशी बिलात लावायची. मी हुकूम सोडला की एकही बिस्कीट उरता कामा नये. सासूबाईंचा उपास होता, त्यांचा वाटा मी खाल्ला. वामनराव दोनावर थांबले, त्यांचाही मीच खाल्ला. चहा फार छान होता, दाट, थोडा खारट गोड, पण घशात बिस्किटांचा बांध पडल्यामुळे तो आत जाईना. बिल आल्यावर कळलं की इथं खाल्ली तेवढ्याच बिस्किटांचे पैसे लावतात, उरलेली बशी पुढच्या टेबलावर जाते. वामनरावांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं.

मी विचारलं, सांगितलं काहून नाही?

"तुम्ही आवडीनं खाऊन राहिले होते, दादा," ते म्हणाले. "मले वाटलं, भूक असंल."

इथंच मी सावध व्हायला हवं होतं. माहीत असून गप्प बसणारा माणूस गरीब दिसला तरी गरीब नसतो.

चारमिनार भव्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चारी बाजूंनी तो अगदी सारखा आहे. म्हणजे कारागिरानं नकाशा एकदाच काढला आणि मजुरी चारदा घेतली. हे मी बोलून दाखवलं, तर कुंदा पदर तोंडाला लावून हसली. ती हसली की बरं वाटतं, काटोलनंतर ती माझ्यासमोर फारशी हसत नसे. या सारखेपणाचा तोटा असा की एकदा वळसा घातला की आपण कोणत्या रस्त्यानं आलो ते कळत नाही. सासूबाई दोनदा एका परक्या कुटुंबाच्या मागे निघाल्या आणि दुसऱ्या वेळी त्यांनी सासूबाईंना बसायला जागाही दिली.

जवळच लाखेच्या बांगड्यांचा बाजार आहे. लाखेवर बारीक आरशाचे खडे बसवतात, उन्हात सगळी गल्ली चमकत असते. आमच्या घरचा नियम असा की दुकानात एखादी वस्तू आवडली तर तोंड कारलं खाल्ल्यासारखं करायचं. सुमती यात तरबेज आहे. तिनं एका हिरव्या जोडाकडे असं पाहिलं की मला तात्काळ कळलं, हिला हा हवाच आहे. तेवढ्यात वामनरावांनी नलूसाठी एक जोड उचलला, भाव विचारला आणि सांगितलेले पैसे काढून दिले. मला भोवळ आली. खरं सांगतो, दुकानदारालाही वाईट वाटलं. बिचारा दिवसभर घासाघिशीच्या तयारीनं बसलेला असतो.

मी त्याचं समाधान केलं. पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा मोठा पट्टीचा होता. मी भाव निम्म्यावर आणला की तो छातीला हात लावायचा, "नक्को साब, इत्ते में तो लाख बी नै आती." हा नक्को शब्द आमच्या मराठीतून गेलेला आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ले जाव वापस, बांगडी नक्को ले जाव. असा मजेदार माणूस. मी तीनदा पाठ फिरवली, त्यानं तीनदा हाक मारली. शेवटी जमलं.

आमच्या बाजारात सौदा जमला की समोरच्याच्या तळहातावर टाळी देतात. टाळी वाजली की संपलं, मग भाव चढो की पडो. मी हात उचलला आणि दिली. कबुतरं उडाली. म्हाताऱ्यानं हात झटकत विचारलं, "हात मिलाव न साब, मारते कायकू?"

मग मी तिथंच उभा राहून सगळ्यांना समजावलं. सही खोटी असू शकते, साक्षीदार फिरू शकतो, टाळी फिरत नाही. टाळी देऊन जो मागे सरतो त्यानं दुकानाला कुलूप लावावं. सासूबाई मन लावून ऐकत होत्या. वामनराव म्हणाले, दादांची टाळी कुठंही ओळखू येईल अशी आहे. मी म्हटलं, येणारच. इतवारीत लोक पाठमोरे उभे राहून सांगतात, सौदा माझा झाला की दुसऱ्याचा.

हे सगळं मी बोललो. माझ्याच तोंडानं बोललो. पुढे लक्षात ठेवा.

दुपार, गोवळकोंडा

किल्ल्यापाशी झाडाखाली डबा उघडला. नलूनं तिकडच्या पद्धतीची वांगी दिली होती. दाणे, तीळ आणि वर चिंचेचं आंबट. आपल्याकडच्या भरल्या वांग्याला कोणीतरी पावसात उभं केल्यासारखं लागतं, पण दोन घास झाले की हात थांबत नाही. सकाळची बिस्किटं खाली, वांगी त्याच्यावर. माझा उजवा गुडघा हातगाडीच्या दिवसांपासून कुरकुरतो, तो जेवल्यावर जास्तच कुरकुरू लागला.

दारात एक गाईड भेटला. त्याचा दर मी निम्म्यावर आणला. तो इतक्या सहज तयार झाला की मला शंका यायला हवी होती. त्यानं आम्हाला मोठ्या दरवाजाच्या घुमटाखाली उभं केलं आणि टाळी वाजवली. म्हणाला, ही टाळी डोंगराच्या माथ्यावर, पार वरच्या दरबारात ऐकू जाते. पूर्वी दाराशी कोणी आलं की पहारेकरी इथून टाळी द्यायचा.

मी विचारलं, दोस्त आला तर?

टाळी.

दुश्मन आला तर?

तरी टाळी.

मग वरच्यांना कळायचं कसं, की कोण आलं?

गाईड म्हणाला, "वो पूरे पैसे में बताते साब," आणि निघून गेला. निम्म्या पैशात निम्मा किल्ला. मी ओरडलो, पण तो गेटाबाहेर पोचला होता. तिथं माझा आवाज जात नव्हता.

आता सुमती जवळ आली. तिच्या हातात तो हिरवा जोड चढलेला होता. "अहो, तुमचा गुडघा चढू देणार नाही. तुम्ही खालीच थांबा न," ती म्हणाली. "आम्ही वर जाऊन ऐकतो. तुमच्यासारखी टाळी वाजवणारा दुसरा आहे तरी कोण?"

मला ते पटलं. टाळी वाजवायला खरंच दुसरा कोणी नव्हता. ठरलं असं की वर पोचल्यावर वामनराव पांढरा रुमाल हलवतील आणि रुमाल दिसला की मी टाळी द्यायची. सासूबाईंना उपास असूनही त्या चढायला निघाल्या, याचंही मी कौतुकच केलं.

बराच वेळ गेला. घुमटाखाली येणारा प्रत्येक जण टाळी वाजवून पाहत होता, पण कोणालाच नीट जमत नव्हतं. मी सगळ्यांना शिकवलं. बोटं जुळवायची नाहीत, तळवा खोलगट ठेवायचा, मनगट सैल. शाळेच्या मुलींची एक रांग होती, त्यांनी मला गुरुजी म्हणायला सुरुवात केली. शेंगदाणेवाल्यानं कागदाचा एक कोन फुकट दिला. मजेत होतो.

मग माथ्यावर रुमाल हलला. मी घुमटाच्या बरोबर मध्ये उभा राहिलो आणि दिली. मुली म्हणाल्या, वा. थोड्या वेळानं रुमाल परत हलला. परत दिली. मग तिसऱ्यांदा. मी समजलो, वर माणसं जमली असतील, माझी टाळी ऐकून खूष झाली असतील, पुन्हा पुन्हा मागत असतील. चौथ्यांदा रुमाल हलला तेव्हा मी अशी टाळी दिली की हात सुजला. त्यानंतर रुमाल न हलताही दोन दिल्या, माझ्याकडून.

ते सगळे उतरून आले तेव्हा कुंदाचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. तिनं येऊन वाकून माझ्या पायाला हात लावला. मला वाटलं, किल्ला फारच आवडला. सासूबाईंनी पिशवीतून पितळेची डबी काढली. माझ्याच दुकानातली डबी. आतली साखर चिमटीनं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमचं मन मोठं आहे. आमाले वाटलं नव्हतं."

मी विचारलं, काय झालं?

वामनराव रुमालाची घडी घालत होते. ती चालू ठेवत त्यांनी सांगितलं. वर सगळ्यांनी मिळून विचार केला. मी खाली होतो, पण थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. म्हणून त्यांनी वरूनच विचारलं. पहिला प्रश्न, वर्ध्याच्या बैठकीला वामनरावांनी जावं, मान्य आहे? रुमाल हलवला, खालून टाळी आली. दुसरा, त्या दिवशी दादांनी इतवारीत दुकानातच थांबावं, मान्य आहे? टाळी आली. तिसरा, वऱ्हाडी किती येतात यावर दादांनी मागाहूनही काही बोलू नये, मान्य आहे? टाळी आली.

"आन् चौथा?" मी म्हटलं.

"चौथा सासूबाईंना विचारू द्यायचा नव्हता," वामनराव म्हणाले. "पण कुंदाच्या लग्नाची भांडी दादांकडून आंदण, असं निघालं. आम्हाले वाटलं, याले तुम्ही थांबसान. तर ती टाळी सगळ्यात मोठी आली. शिवाय दोन जास्तीच्या."

ज्या माणसाला बांगडीचा भाव करता येत नाही, त्याच्यासमोर वर्धेकरांनी दीडशे म्हटलं तर तो आभार मानून दोनशे करून येईल. मी भडकलो. माझा आवाज घुमटात फिरून मलाच ऐकू आला आणि शाळेच्या मुली मास्तरणीच्या मागे लपल्या. मी म्हटलं, वर काय विचारताहेत ते मला ऐकू आलंच नाही, मग ही टाळी कसली?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, सकाळी तुम्हीच सांगितलं. टाळी फिरत नाही.

मी दुसरा मुद्दा काढला. इथं दिवसभर पन्नास लोक टाळ्या वाजवतात. वर आली ती माझीच, याला पुरावा काय? इतक्या उंचीवरून कोणाची टाळी ते कळूच शकत नाही. मी आत्ता वर जातो, तुम्ही खालून एकेकानं टाळी वाजवा, आणि मला ओळखू आली नाही तर चारही टाळ्या रद्द.

सासूबाई म्हणाल्या, जा.

गुडघा, बिस्किटं, वांगी आणि राग असं सगळं घेऊन मी तो डोंगर चढलो. पायऱ्या संपता संपेनात. वाटेत एका बाईनं मला पाणी दिलं आणि देवाचं नाव घ्यायला सांगितलं. वर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. खाली सगळं हैदराबाद पसरलेलं, मधे तळी चकाकणारी. तेवढी उंची पाहून क्षणभर मी भांडण विसरलो, हे कबूल करतो. मग मी खाली हात हलवला.

पहिली टाळी आली. तिच्यात बांगड्यांची किणकिण होती. दुसरी आली, ओल्या पोत्यावर पोतं टाकल्यासारखी. तिसरी बारीक होती, थांबून थांबून वाजवलेली, मागे घ्यावी की काय अशी. तिसरी ऐकल्यावर मी तिथंच कठड्यावर जरा वेळ बसलो.

उतरून आलो. पहारेकरी शिट्टी वाजवून लोकांना बाहेर काढत होता. सासूबाईंनी विचारलं, "ओळखू आल्या?"

नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. चारही टाळ्या गेल्या असत्या, बैठक माझी झाली असती. पण माल ओळखला आणि ओळखला नाही म्हणालो, असं मी आजवर केलेलं नाही. शिवाय समोर वामनराव उभे होते. मी म्हटलं, न ओळखायला काय झालं? पहिली सुमती, दुसरी हे ओलं पोतं, तिसरी कुंदा.

सासूबाईंनी डबी उघडली आणि माझ्या हातावर परत साखर ठेवली.

परतीची गाडी

डब्यात सासूबाई आणि कुंदा समोरच्या बाकावर झोपी गेल्या होत्या. मला एकच गोष्ट खात होती. किल्ला पाहायला साखर कोण नेतं? म्हणजे हे सकाळी घरातून निघतानाच ठरलेलं होतं. पण वामनरावांच्या डोक्यात एवढं यावं, हे पटेना. मी सुमतीला विचारलं, ही कल्पना कोणाची?

ती उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत होती. "माझी," ती म्हणाली.

"काहून?"

"काटोलचे उठून गेले त्यानंतर कुंदी आठ दिवस धड जेवली नाही. तुमाले कोणी सांगितलं नाही. वर्ध्याचा मुलगा तिच्या मनात आहे."

"मंग मले सरळ सांगायचं होतं न."

"सांगितलं असतं तर तुम्ही घासाघीस केली असती."

वर्ध्याचं स्टेशन आलं तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली.

बैठक येत्या रविवारी आहे. वामनराव हैदराबादहून निघाले आहेत. मी दुकानात थांबणार आहे, कारण टाळी दिली आहे. आंदणाची भांडी काढून ठेवली, एकूण एक वाजवून पाहिली, एकही खोटं नाही. वर एक मोठा गुंड माझ्याकडून ठेवला, त्या जास्तीच्या दोन टाळ्यांचा. याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. ज्यानं तो किल्ला बांधला त्यानं खालची टाळी वर जाईल अशी सोय केली. मग वर काय विचारताहेत ते खाली ऐकू येईल, अशी सोय का केली नाही? होकार वर जातो, आणि नकार द्यायला माणसानं एवढा डोंगर चढायचा, हा कोणता हिशेब? असा एकतर्फी माल मी दुकानात ठेवला असता तर लोकांनी मला इतवारीत उभं राहू दिलं नसतं. कारागीर मरून शेकडो वर्षं झाली, हे मला ऐकवू नका. तो गाईड जिवंत आहे. निम्म्या पैशात निम्मी गोष्ट सांगून पळाला, दोस्त आणि दुश्मनाची टाळी कशी ओळखायची ते त्यानं सांगितलंच नाही. त्यानं नागपूरला यावं, माझ्या दुकानात समोर बसावं आणि उरलेल्या निम्म्याचा जबाब द्यावा. चहा मी पाजीन, पूर्ण पैसे देईन. टाळी मात्र देणार नाही.